पुढचे सहा महिने

“घरात माणसं किती?” मी विचारलं.

“दोन,” दारातले गृहस्थ म्हणाले.

त्यांच्या पायाशी चपलांचे अकरा जोड होते. वरच्या मजल्यावर कुणीतरी गुळण्या करत होतं, मागच्या खोलीत दोघं जण मोठमोठ्यानं कायद्याची कलमं पाठ करत होते, आणि जिन्यात एक मुलगा पालथ्या बादलीवर बसल्याबसल्या झोपला होता.

“आणि हे सगळे?”

गृहस्थांनी मागं वळून पाहिलं. अगदी नीट पाहिलं, मी नेमकं काय दाखवतोय ते कळावं म्हणून.

“ही पोरं आहेत,” ते म्हणाले. “तुम्ही माणसं विचारलीत.”

मी ‘दोन’ लिहिलं आणि पुढच्या घराकडे निघालो. बुधवारचे सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत मला प्राध्यापक कॉलनीतली एकशे बारा घरं मोजून संपवायची होती. प्राध्यापक कॉलनीत प्राध्यापक एकही राहत नव्हता. प्राध्यापक राहायचे अधिकारी कॉलनीत. अधिकारी कुठं राहायचे ते मला सहा वर्षांत कळलं नव्हतं.

पंधरा वर्षं झाली या गोष्टीला. वेणापूरच्या विद्यापीठाचा तेव्हा रौप्यमहोत्सव होता. आमच्या भागातली दोन मोठी शहरं विद्यापीठासाठी बारा वर्षं भांडली. शेवटी सरकारनं नकाशावर दोन्हींच्या मधोमध बोट ठेवलं आणि बोटाखाली वेणापूर आलं. वेणापूरनं काही मागितलंच नव्हतं. मागितलंच असतं तर त्यांनी एक बसस्टँड मागितला असता. पण विद्यापीठ आलं, त्यामागून झेरॉक्सची दुकानं आली, खाणावळी आल्या, आणि दरवर्षी जूनमध्ये पोरांचे लोंढे येऊन एप्रिलअखेर परत जायला लागले. मे महिन्यात तर गावातली कुत्रीसुद्धा बारीक व्हायची.

महोत्सवाच्या निमित्तानं भूगोल विभागानं ‘वेणापूर : भूगोल, लोकसंख्या, इतिहास’ असं एक पुस्तक काढायचं ठरवलं. विभागप्रमुख होते डॉ. पिंजरकर. मी विभागात तासिका तत्त्वावर शिकवायचो, म्हणजे मोजून जेवढे तास शिकवीन तेवढ्यापुरताच मी अस्तित्वात होतो. भूगोलाचं प्रकरण मी एका दुपारी लिहून टाकलं. उत्तरेला एक टेकडी आहे, तिला डोंगर म्हणतात. दक्षिणेला एक नदी आहे, ती चार महिने नदी असते आणि आठ महिने क्रिकेटचं मैदान. झालं. इतिहास सर स्वतः लिहीत होते, कारण गाव एका साधूनं वसवलं असं अर्ध्या गावाचं म्हणणं होतं आणि वाट चुकलेल्या एका सरदारानं वसवलं असं उरलेल्या अर्ध्याचं. त्यामुळं तिथं पदाला साजेसा माणूस लागणार होता. लोकसंख्या तेवढी राहिली होती. गावभर एम.ए.ची मुलं फॉर्म घेऊन फिरत होती. प्राध्यापक कॉलनी माझ्याकडे होती, कारण मी तिथंच राहत होतो.

आणि मला घाई होती. हैदराबादच्या एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आठ दिवसांपूर्वी आलं होतं. सोमवारी रुजू व्हा, सोबत अनुभव प्रमाणपत्र आणा. शनिवारी सकाळी सहाच्या गाडीचं तिकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं. मी ते दिवसातून इतक्या वेळा काढून बघायचो की घडीवर फाटायला आलं होतं.

“प्रमाणपत्र देतो की,” पिंजरकर सर म्हणाले होते. “लोकसंख्या द्या, प्रमाणपत्र घ्या. आणि डोईफोडे, फॉर्मवर घरच्या मुख्य माणसाची सही पाहिजे. बिनसहीचा फॉर्म मी धरणार नाही.”

“सर, रहिवासी नेमका कुणाला म्हणायचं?”

सरांनी चष्मा काढला. व्याख्या सांगताना ते चष्मा काढायचे. “जो गेले सहा महिने इथं राहिलाय आणि पुढचे सहा महिने इथंच राहण्याचा ज्याचा विचार आहे, तो. दोन्ही पाहिजे.”

माझे स्वतःचे पुढचे सहा महिने खिशात घडी घालून ठेवलेले होते. मी मान डोलावली.

सोपी व्याख्या होती. पण ती विचारायला लागल्यावर गडबड सुरू झाली.

“पुढचे सहा महिने इथं राहण्याचा विचार आहे का?” मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारलं.

“विचार कसला? राहतोय.”

“पण विचार?”

त्यानं वजनकाटा थांबवला. “का हो? तुम्ही काही ऐकलंत का?”

इथंच मी चुकलो. मी ‘नाही’ म्हणालो, पण जरा उशिरानं म्हणालो. माझं लक्ष तिकिटाकडे होतं. तोपर्यंत त्यानं पलीकडच्या केशकर्तनालयाकडे पाहिलं होतं, आणि तिथल्या खुर्चीत अर्धी दाढी झालेला माणूस उठून उभा राहिला होता.

गुरुवारी सकाळी मी कॉलनीत शिरलो तेव्हा लोक दारात माझी वाट बघत उभे होते. नदीवर धरण होणार, हे रात्रीत नक्की झालं होतं. ज्या नदीत प्यायला पाणी नाही त्या नदीवर. गाव उठणार आणि नव्या गावात माणशी एकेक प्लॉट मिळणार. काल ज्या घरात दोन माणसं होती त्या घरात आज एकोणीस होती.

“हा माझा मुलगा,” कालचे गृहस्थ म्हणाले आणि बादलीवर झोपलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “हाही मुलगा. हा पुतण्या. आणि हे आमचे वडील.”

“कुठायत?”

“फोटोत आहेत. पण घरातच आहेत.”

“काका, काल तुम्ही दोनच म्हणालात.”

“काल तुम्ही नीट विचारलं नव्हतं.”

त्या बादलीवरच्या मुलाचं नाव सतबीरसिंग होतं. त्याला या घरात आणि पलीकडच्याही घरात मुलगा म्हणून लिहून घ्यायला लावलं. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे कॉलनीच्या दोन लोकसंख्या झाल्या. बुधवारची तीनशे चार, गुरुवारची दोन हजार अठ्ठ्याण्णव. दोन्ही सह्यांनिशी.

मी धावत विभागात गेलो. सर इतिहासात साधूला सरदाराचा मामा करत होते.

“सर, धरणाचं काहीतरी करायला पाहिजे. तुम्ही जाहीर सांगा की धरण नाही.”

“मी सांगितलं तर लोकांना वाटेल, आहे.” त्यांनी दोन्ही गठ्ठे हातात तोलले. “सरासरी काढा.”

“सर, एक आकडा खोटा आहे आणि दुसराही खोटाच आहे.”

“म्हणूनच सरासरी. खऱ्याची कुणी काढतं का?” त्यांनी फॉर्म चाळायला सुरुवात केली आणि मधेच थांबले. “एकशे अकराच आहेत. प्रमिलाकाकूंचा कुठाय?”

प्रमिलाकाकू म्हणजे माझ्या घरमालकीण. प्रमिला कुलथे. यजमान विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होते, ते वारल्यावर काकूंनी खालच्या दोन खोल्यांत सात कॉट टाकल्या. विद्यापीठातली निम्मी माणसं कधी ना कधी त्या कॉटवर झोपलेली होती. पिंजरकर सरसुद्धा.

“राहिलाय सर. करतो.”

“आणि सही त्यांचीच आणा. मी ओळखतो. उशिरा आलो की तीच सही असलेली चिठ्ठी लावलेली असायची दाराला.”

तो फॉर्म उगाच राहिला नव्हता. बुधवारी संध्याकाळीच मी काकूंकडे गेलो होतो.

“किती माणसं काकू?”

“दोन. मी आणि मुकुंद.”

मुकुंद काकूंचा मुलगा. तो अकरा वर्षं टोरंटोत होता. मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. भिंतीवर त्याचा पदवीच्या झग्यातला फोटो होता, त्याच भिंतीला टेकून मी सहा वर्षं जेवलो होतो. मी हसून फॉर्म मिटला आणि ‘नंतर येतो’ म्हणालो. गुरुवारी धरण आलं, सगळ्यांनी आकडे बदलले. काकूंनी नाही. “दोन,” त्या म्हणाल्या. “धरण होवो नाहीतर समुद्र होवो. मी आणि मुकुंद.”

शुक्रवारी दुपारी मी खोलीत येरझाऱ्या घालत होतो. खोली आठ फुटांची, त्यात तीन कॉट, त्यामुळं दर अडीच पावलांनी वळावं लागत होतं. माझा खोलीसोबती वामन बिडवे गांडुळांवर पीएच.डी. करत होता. नववं वर्ष. गांडुळांच्या तीस पिढ्या होऊन गेल्या होत्या, वामन तिथंच होता.

“बस की जरा,” तो म्हणाला. “मला घेरी यायला लागली.”

“पाच वाजता सर निघतात. सही नाही मिळाली तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर हैदराबाद नाही.”

“मग लिही ना मुकुंदाला. एका माणसानं काय होतंय? त्या समोरच्यांनी मेलेला आजा लिहिलाय.”

“ते त्यांनी खोटं लिहिलंय. काकू खरंच सांगतायत. तोच घोळ आहे.”

“आणि तू जातोयस हे सांगितलंस का त्यांना?”

मी पुन्हा वळलो.

“निळ्या, उद्या सकाळी जायचंय तुला.”

“सांगतो.”

“त्या सगळ्या कॉलनीला सांगत सुटल्यात, आमचा निळू आता इथंच कायम होणार, वरची खोली त्याला देणार, लग्नानंतर.”

“सांगतो म्हटलं ना!”

काकू मागच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला.

“आलास? आधी मुकुंदाला लिही.”

“काकू, तो टोरंटोला आहे.”

“तो कुठं आहे ते मला माहितीय. भूगोल तुझ्या पोरांना शिकव.”

“नियम आहे हो.” मी फॉर्मवरची ओळ वाचून दाखवली. “गेले सहा महिने राहिलेला आणि पुढचे सहा महिने राहण्याचा विचार असलेला.”

“विचार आहे की त्याचा. जाताना मला म्हणाला, आई, सहा महिन्यांत येतो.”

“त्याला अकरा वर्षं झाली.”

“मग? तुझ्या कागदात विचार विचारलाय ना? आला का, असं कुठं विचारलंय?”

घड्याळात तीन वीस झाले होते. मी पेन्सिल काढली. विभागाची पद्धत होती, घरी पेन्सिलनं भरायचं आणि विभागात बसून शाईनं गिरवायचं. माझ्या मनात आलं, आत्ता पेन्सिलनं लिहू, सही घेऊ, वाटेत खोडून टाकू.

“मुकुंद माधव कुलथे,” मी लिहिलं. “वय?”

“बावीस.”

“काकू, आत्ताचं वय.”

“आत्ताचा मला कुठं ठाऊक आहे? मला बावीसचा ठाऊक आहे.”

मी बावीस लिहिलं. “शिक्षण?”

“बी.एस्सी., फर्स्ट क्लास. हिंदी तेवढी कच्ची. सातवीत हिंदीच्या पेपराला पोटात दुखतंय म्हणून झोपून राहिला, आणि मी बाहेर गेल्यावर पेरू चोरायला गेला. काट्यानं चड्डी फाटली म्हणून कळलं.” त्या हसल्या. “लिहू नकोस हं ते.”

“जागा नाही काकू तेवढी. व्यवसाय?”

“हं.” शेंग सोलता सोलता त्यांचा हात थांबला. “सांगतो फोनवर काहीतरी. कॉम्प्युटरमधलं आहे. मला त्यातलं काही कळत नाही, मी ‘बरं बरं’ म्हणते. मग तो म्हणतो, ठेवू का?”

मी ‘नोकरी’ लिहिलं. मला आता लवकर संपवायचं होतं आणि संपूही नये असं वाटत होतं. पाय आपोआप हलत होता. काकूंनी एकदा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

“घरात बोलली जाणारी भाषा?”

“मराठी.” मग जराशानं, “त्याच्या पोरीला नाही येत. ती मला ‘हाय’ म्हणते. मीही म्हणते.”

“शेवटचा रकाना. वेणापुरात राहण्याचं कारण.” मी पर्याय वाचले. “जन्म, शिक्षण, नोकरी, विवाह, इतर. एक सांगा.”

“जन्म आहे ना.”

“जन्म म्हणजे, इथं जन्मला म्हणून अजून इथं राहतो, असं.”

“बरं. पुन्हा वाच.”

मी पुन्हा वाचले. काकूंनी हातातली शेंग सुपात टाकली, न सोलता. समोरच्या भिंतीवर वामनचा टॉवेल वाळत होता, त्याच्याकडे त्या बघत राहिल्या.

“यातलं एकही नाही रे त्याला,” त्या म्हणाल्या.

मी पेन्सिल ‘इतर’पाशी नेली.

“खोड,” काकू म्हणाल्या.

“राहू दे काकू. लिहितो मी. ‘इतर’ लिहितो.”

“खोड म्हणते ना. रबरानं नको. वरून रेघ मार. नाव वाचता आलं पाहिजे.”

मी रेघ मारली. अक्षरं चुकवत मारली, त्यामुळं ती रेघ कमी आणि नदी जास्त दिसत होती.

“हं, आता बाकीचे घे,” त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि एकदम वेगळ्याच आवाजात सुरू केलं. “वामन बिडवे, पाच पोळ्या. तो जाणार नाही, लिही बिनधास्त. कोपऱ्यातला देगलूरचा, तीन पोळ्या, भात नाही. त्याची आई आजारी असते, पण परीक्षेपर्यंत आहे. ते दोघं भाऊ, चार-चार. लातूरचा सकाळी जेवत नाही, त्याला घे. चष्मेवाला आता नांदेडला जातो म्हणत होता, पण सुटकेस कॉटखालीच आहे, म्हणजे आहे. किती झाले?”

“तुमच्यासकट सात.”

“आणि तू.”

“हो. मी.”

“नाव माहितीय. वय एकोणतीस. शिक्षण जास्त झालंय.” काकू सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. “राहण्याचं कारण?”

“नोकरी.”

मग त्यांनी फॉर्म माझ्या हातातून ओढून घेतला. चष्मा नव्हता, म्हणून तो लांब धरला, आणि ओळीखाली बोट फिरवत, सरकारी माणसासारख्या आवाजात वाचलं.

“पुढचे सहा महिने इथं राहण्याचा विचार आहे का?”

खिशातल्या तिकिटावर माझा हात गेला होता. छातीवर हात ठेवून शपथ घेतोय असं बघणाऱ्याला वाटलं असतं. बोलायला दोन वाक्यं पुरली असती. काकू, मला हैदराबादला काम मिळालंय. मी उद्या सकाळी निघतोय. ती वाक्यं आठ दिवस मी आठ फुटांच्या खोलीत अडीच-अडीच पावलांवर म्हणून पाहिली होती.

पावणेचार झाले होते. सही व्हायची होती.

“आहे,” मी म्हणालो.

काकूंनी फॉर्म परत दिला. “मग ते पेनानं लिही.”

“विभागात गेल्यावर गिरवतो सगळं—”

“बाकीचं गिरव. ते इथं लिही.”

मी पेनानं लिहिलं. त्यांनी त्याच पेनानं खाली सही केली. प्र. मा. कुलथे. सावकाश, प्रत्येक टिंबावर थांबून.

पाचला दहा कमी असताना सरांनी सही बघितली, वास घेतल्यासारखा कागद नाकाजवळ नेला, ‘हं, काकूच’ म्हणाले, आणि माझ्या सहा वर्षांच्या अनुभवाखाली शिक्का मारला. शिक्का उलटा उमटला. दुसरा मारायला त्यांच्याकडे वेळ नव्हता, सरदार वाटेत होता.

शनिवारी पहाटे पाचला मी बूट हातात घेऊन जिना चढून वरच्या दाराशी आलो. सांगायचंच होतं. बूट हातात का होते ते मला विचारू नका. वामन माझी बॅग घेऊन फाटकापाशी उभा होता आणि घड्याळाकडे बोट दाखवत होता. मी कडीवर हात ठेवला तोच दार आतून उघडलं. काकूंची अंघोळ झालेली होती. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं होतं.

“दशम्या आहेत. चटणी वेगळी बांधलीय, तेल सुटतं तिला. हैदराबादपर्यंत काही होत नाही.”

हैदराबाद हा शब्द इतक्या शांतपणे कुणी म्हटलेला मी ऐकला नव्हता.

“वामननं सांगितलं?”

“त्याला गांडुळांतून सवड कुठाय? या घरातलं टपाल कोण घेतं, निळू?”

आठ दिवस. आठ दिवस त्यांना माहीत होतं आणि आठ दिवस त्यांनी मला वाढलं होतं.

“मग काल मला का विचारलंत?”

“तू काय म्हणतोस ते बघायचं होतं.” त्यांनी पुडकं माझ्या बुटांवरच ठेवलं, कारण माझे दोन्ही हात अडकलेले होते. “मुकुंदालाही सगळं ठरल्यावर असंच विचारलं होतं. जा आता, गाडी चुकेल.”

“काकू, मी—”

“बूट घाल आधी. फरशी गार आहे.”

गाडी चुकली नाही. चुकेल अशी आशा मी फाट्यापर्यंत धरून होतो.

पुस्तक महोत्सवात निघालं. वामननं पोस्टानं एक प्रत पाठवली. कागद चांगला आहे. साधू आणि सरदार एकाच कुटुंबातले निघाले. पान एकोणतीसवर लोकसंख्या आहे, अठ्ठेचाळीस हजार तीनशे सतरा. धरणाच्या भीतीनं वाढलेले, पोरं म्हणून वगळलेले, फोटोतले आणि सरासरीत निघालेले, सगळे तिच्यात आहेत. सतबीरसिंग दोन घरांत आहे. पुढं वेणापूरबद्दल कुणीही काही लिहिलं की हाच आकडा उचलतात, आणि कामाच्या निमित्तानं तो अधूनमधून माझ्याच टेबलावर येतो, नकाशात टिंब केवढं काढायचं हे ठरवायला. शंभर-दोनशेचा फरक असेल तर आम्ही टिंब बदलत नाही. एकाचा असेल तर विचारायलाच नको. तरी दरवेळी मी कॅल्क्युलेटर काढतो आणि त्यातून पेनानं लिहिलेला एक वजा करून बघतो.